तर

बावीस वर्षं मी तरीतून शाळेला गेले.
चपला हातात, साडी पोटऱ्यांवर,
ओहोटी असली की गुडघाभर चिखल.
खाडी एक, होडी एक,
आणि जैनू सोलकर पल्याड चहा पीत बसला
तर अल्याडच्यानं घसा बसेपर्यंत हाका मारायच्या.
होडीच्या तळातलं पाणी आपणच उपसायचं,
डालड्याच्या डब्यानं,
वर भाडं पाच रुपये.
सुटे नसले तर तुमचे राहिले.

मग पुलाचा पहिला खांब
रत्नागिरीच्या बाजूनं पाण्यात उभा राहिला.

त्या आठवड्यात तळ कोरडा दिसला.
दिवाळीनंतर त्यानं होडी उलटी घातली,
फटींत कापूस आणि राळ भरली,
बसायच्या फळीवर टायरचं रबर ठोकलं.
धक्क्याच्या उतारावर सात चिरे मांडले,
चिखल चुकवायला.
सात चिरे!
एवढंच काम होतं ते.

भाडं तीनवर आलं. मासळीच्या टोपलीचं वेगळं घेईना.
खांब नऊ झाले तेव्हा नाळेवर मोबाइल नंबर आला,
पांढऱ्या रंगात, थोडा तिरका.
मिस कॉल दिला की निघायचा
अर्धा चहा टाकून.

मी विचारलं, चाचा, हे आधी का नाही सुचलं?
वल्हं पाण्यात तसंच धरून
तो म्हणाला,
"बाय, आधी तुम्ही जाणार कुठे होतात?"

ते शेवटचं वर्ष.
इतकी चांगली तर या खाडीनं कधी पाहिली नव्हती
आणि इतकी रिकामी.

आता पुलावरून सहा सीटची रिक्षा.
सुरुवातीला दहा रुपये घ्यायचा, दार उघडून द्यायचा.
तर बंद झाली त्या महिन्यात पंधरा,
आता वीस, आणि अकरा माणसं भरेपर्यंत
तो टपरीवर चहा पीत असतो.
मी गप्प बसते. मला सवय आहे.

परवा पाचवीच्या पेपरात दिलं होतं,
'तर' हा शब्द वापरून वाक्य करा.
बहुतेकांनी पाऊस पाडला तर शाळा बुडवली.
सोलकरांच्या नातीनं लिहिलं,
"आमची तर चांगली होती."

लाल पेन उघडून किती वेळ बसले मी.
कुठली तर, ते ठरेना.