सहीचा रकाना

कारा-बेलच्या घाटात, बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी
पत्र्याची एक खोली आहे. तिथे मी बसते,
रस्ते खात्याची सुरक्षा-लिपिक, बेगायिम तुर्दुबायेवा.
शेगडीवर किटली, खिळ्याला टॉर्च,
टेबलावर जाड निळं रजिस्टर,
दोऱ्यानं शिवलेलं, लाखेनं मोहोरबंद,
कुणी पान फाडू नये म्हणून.

पहाटे पाळीची माणसं येतात,
बुटांचं बर्फ दारातच आपटतात.
मी भराभर वाचते: विषारी वायूच्या ठिकाणी…
ती ऐकत नाहीत. मीही ऐकत नाही.
सही इथे. इथे. आणि इथे.
एर्मेकची सही म्हणजे नुसता एक आकडा, मासळीच्या गळासारखा.
म्हणायचा, एजे, हात गारठलेत,
उरलेलं नाव तूच समजून घे.

पंखे पाच. दोन फिरायचे, एक नुसता कण्हायचा.
तीन हिवाळे मी राजधानीला पत्रं धाडली.
उत्तर यायचं, जावक क्रमांकासकट:
बाब विचाराधीन आहे.
आमचे खरे घोडे वाईट चढ ओळखतात,
नाकपुड्या फेंदारून मागे हटतात.
कागदी घोड्यांना कुठला आलाय घाट!

फेब्रुवारीत हिमलोट आला, उत्तरेचं तोंड बुजलं.
आत ट्रकांची रांग, थंडीनं कुणी इंजिन बंद करेना.
एर्मेक बुलडोझर घेऊन गेला.
सरकारी काम, सरकारी यंत्र, सरकारी बोगदा,
फुप्फुसं तेवढी त्याची स्वतःची.
बाहेर आणला तेव्हा गाल लालबुंद होते,
जणू कुणाच्या लग्नात नाचून आलाय.

आठवड्यानं आयोग आला. चौघे, लांब कोटांतले.
खात्याची चौकशी, खात्यानंच नेमलेली.
रजिस्टरावरून बोट खाली सरकत गेलं
आणि त्या गळाशी अडकलं.
"सही आहे," अध्यक्ष म्हणाले.
चौघांचेही खांदे बोटभर खाली आले.

मग म्हणाले, पाहणी उरकून घेऊ, बोगदा दाखवा.
मी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं.
आत जाणाऱ्या प्रत्येकाची सही लागते, साहेब.
आधी वाचून दाखवते.
आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी सावकाश वाचलं,
स्वल्पविरामालाही थांबत.
डोके जड होणे, मळमळणे, गुडघ्यांतले बळ जाणे,
यांपैकी काहीही जाणवताच ताबडतोब बाहेर पडावे.

"पंखे किती चालू?" सगळ्यांत तरुण होता, त्यानं विचारलं.
दोन.
पेन बराच वेळ हवेतच राहिलं.
किटलीतलं पाणी आटून गेलं.

आत कुणी गेलं नाही. पाहणी खिडकीतून झाली.

तो तरुण टोपी विसरली म्हणून परत आला.
टोपी त्याच्या डोक्यावरच होती.
"यात खात्याची सही कुठे असते?"
मी पान उलटून दाखवलं. तसा रकानाच नाही.
तो काही बोलला नाही. जीप हॉर्न देत होती.

रात्री मी पट्टी घेतली.
मोहोरबंद रजिस्टरात खाडाखोड म्हणजे गुन्हा.
एक उभी रेघ ओढणं खाडाखोडीत येतं का, ठाऊक नाही.
वर लिहिलं: ज्यानं आत पाठवलं, त्याची सही.

पहाटे पाळी येईल, बूट आपटत.
रकाना कोरा कसा ठेवायचा?
तूर्त माझं नाव घातलंय तिथे,
पूर्ण,
हात गारठले होते तरी.