बोट वर करा

बारीक पिपाणी वाजली की बोट वर करायचं,
कितीही लांबून आल्यासारखी वाटली तरी.
हे वाक्य मी दिवसातून पंधरा वेळा म्हणते,
सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर.

दादू कोरे तीस वर्षं हळद पॉलिश करायच्या ढोलाशी उभे होते.
आत हळकुंडं आपटायची, बाहेर हे.
त्यांच्या कानांवर मी हेडफोन चढवला
आणि त्यांनी बोट वर केलं.
मी अजून बटण दाबलंच नव्हतं.

परत केलं. परत.
"वाजतंय की वो बाई, घुंई करतंय."
हेडफोन काढला, खोलीचं दार लावलं,
आणि मग मलाही ऐकू आला
टेबलाखालचा डबा.

चार वर्षं शेजारी बसून
तो मला ऐकू येईनासा झाला होता.
आणि पाटीवर माझ्या नावापुढे लिहिलंय: श्रवणतज्ज्ञ.

रात्री झाकण काढलं.
पंख्याच्या सातही पात्यांवर पिवळी साय,
सांगलीत दुसरं काय बसणार.
बोटानं पुसली तर बोट हळदीचं झालं,
लग्नघरातून आल्यासारखं.

कॉलेज कॉर्नरला शीतल मगदूमचं दुकान.
नावच शीतल, पंख्यांवर बोलायला त्याला काही कमी पडत नाही.
"लहान पंखा म्हणजे आखूड पायांचं पोर, मॅडम.
बापाबरोबर चालायचं तर त्याला पळायला लागतंय,
आणि पळालं की धापा टाकतंय.
एकशेचाळीसचा घ्या. हळू फिरंल, वारं तेवढंच."
खोक्यावरचा आकडा दाखवला: एकोणीस डेसिबल.
कुठल्या खोलीत मोजले? किती अंतरावरून?
शीतल हसला. "हे आजवर कुणी विचारलं न्हाई."
रंगीत दिव्यांचे पंखे पुढे केले, पोरं हेच नेतात म्हणाला.
मी म्हटलं, मला बिनदिव्याचा द्या.

मग भर दुपारी, मागे रिक्षांचे हॉर्न,
एकेक पंखा कानाशी धरून उभी राहिले
बाजारात कलिंगड वाजवून बघावं तशी.
एकाच्या बेअरिंगमध्ये बारीक टकटक.
एक नुसताच फुसफुसणारा. तो चालतो,
वाऱ्याला कान जाऊ देतो.
पण एकच सूर धरून बसलेला आवाज
वसुलीवाल्यासारखा असतो,
आत येत नाही, दारातून हलतही नाही.

दोन पुढून आत ओढणारे, एक मागून बाहेर टाकणारा.
स्क्रूऐवजी रबरी खुंट्या,
म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला कळायला नको.
पुढे जाळी, दर शनिवारी नळाखाली धरायची.
आठशे फेऱ्यांच्या वर जायचं नाही, असं ठरवून दिलं.
एप्रिल होता. पूर्वी त्र्याऐंशी अंशांवर पोचायचा प्रोसेसर,
आता एकाहत्तरला थांबला.
मी खुर्चीत बसून राहिले.
भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे,
हे त्या दिवशी कळलं. ते बाहेरच्या खोलीत नेलं.

दादू परत आले. हेडफोन, तेच वाक्य.
मी बटण दाबलं. वाढवलं. आणखी वाढवलं.
बोट गुडघ्यावरच.
जुन्या कागदावर खालच्या सुरांचे जे तीन ठिपके
मी समाधानानं काढले होते,
ते दादूंचे नव्हतेच, पंख्याचे होते.
कपाटात चार वर्षांच्या फायली आहेत.
तिकडे मी बघितलं नाही.

"बंद पडलं व्हय मशीन?"
मी मान हलवली: चालू आहे.
विश्वास बसला नाही त्यांचा.
वाकले, डब्यामागे तळहात धरला.
"वारं लागतंय खरं," म्हणाले,
आणि मग, हात न काढता, "केवढ्याला पडलं?"
तीन मिळून चार हजार दोनशे, मी बोटांनी सांगितलं.
"आन् कानात घालायचं?"

तो आकडा मी तोंडानंच सांगितला.
ऐकू गेला नाही, की गेला,
दादू तसेच वाकून बसले होते
त्या गार झुळकेत हात धरून.