व्यक्तिगत संवाद

मार्चअखेर. मूल्यांकनाचा फॉर्म, पानं चौदा.
रकाना नववा: गेल्या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध.
मी लिहिते, एक. मग खोडते.
तो अजून झालेला नाही. व्हायचा आहे.
नाव जरा लांबलंय:
मुंबईच्या दमट हवेत शिळामुद्रणासाठी लागणाऱ्या
गोंद आणि आम्लाच्या प्रमाणाचा अभ्यास.
उपाध्ये सर म्हणाले, यात सौंदर्यशास्त्र कुठंय?
शिल्पकलेचा गवाणकर म्हणाला, यात पगारवाढ कुठंय?

दुपारी एका मुलीचा फोन येतो, कुठल्याशा नियतकालिकातून.
फार गोड बोलते. पेपर द्या मॅडम, आठ दिवसांत छापतो,
तीन हजार आठशे, प्रमाणपत्र रंगीत.
विषय कुठलाही चालतो. या अंकात
कथक आणि कुक्कुटपालन शेजारी शेजारी आहेत.
मी विचारते, तू काय शिकलीस गं?
ती थांबते.
बी.एफ.ए., मॅडम. पेंटिंग.

आमच्या भायखळ्याच्या इमारतीत, तळमजल्यावर
बावीस दगड आहेत, जर्मनीहून बोटीनं आलेले.
त्यांच्यासोबत आलेलं पुस्तकही आहे, वाळवीनं अर्धं वाचलेलं.
एवढ्या गोंदाला इतके थेंब, असं त्यात ठामपणे लिहिलंय.
ते तिकडचे थेंब.
इथं ऑगस्टात गोंद दोन दिवसांत आंबतो,
पुसून ठेवलेला दगड रात्रभर पाझरत बसतो.

हे मला तुळाजी मेस्त्रींनी सांगितलं.
सांगितलं असंही नाही. बाटली नाकाशी नेली,
ब्रश फिरवला, वाकून दगडाला कान लावला,
बुडबुड्यांची चरचर ऐकली आणि म्हणाले,
आज दोन थेंब कमी कर, बाय.
पद: परिचर. शिक्षण: नववी नापास.
सेवापुस्तकात कानाची नोंद नाही.

अठरा वर्षं मी वह्या भरल्या. सात झाल्या.
तारीख, तापमान, आर्द्रता, थेंब,
आणि शेवटच्या रकान्यात, दगडाबद्दल, त्यांचा शब्द:
बरा. खवचट. गप्प. आज नको.
बरा. बरा. खवचट.

परीक्षक क्रमांक दोन (नाव गुप्त, सवड भरपूर) लिहितात:
काम उपयुक्त आहे. तथापि
'खवचट दगड' ही संज्ञा संदिग्ध वाटते.
तसेच पान चार, परिच्छेद दोन: या निरीक्षणाचा स्रोत काय?
संदर्भ द्यावा.

दिला.
मेस्त्री, तु., व्यक्तिगत संवाद.
पुढे चौकोन आहे: दिवस, महिना, वर्ष.
तो भरल्याशिवाय निबंध पुढे सरकत नाही.

वेंगुर्ल्याला फोन लावला. सुनेनं उचलला,
म्हणाली, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला.
मी ओरडले, मेस्त्री, तारीख हवी होती,
तुम्ही मला ते थेंबांचं कधी सांगितलंत?
बराच वेळ नुसता समुद्र, किंवा लाइनचा आवाज.
मग ते पलीकडून तेवढ्याच जोरात ओरडले:
कुठल्या दगडाची तारीख?

मी चौकोनात लिहिलं, दगड क्रमांक अकरा.
अवैध नोंद, असं लाल अक्षरात आलं.

खाली तिसऱ्या वर्षाची सानिका फर्नांडिस
दगड घासून, चित्र काढून, ब्रश हातात धरून उभी.
मॅडम, किती?
मी वाकले. कान लावला.
पंखा. बाहेर बेस्टची बस वळतेय. कुणीतरी मोरीत बादली आपटली.
आणि या सगळ्याखाली काहीतरी बारीक,
पान चारवर मांडता न येण्याजोगं.

दोन कमी, म्हटलं.
बहुतेक.