मागे तोंड करून

व्हर्ना टॅकेट आली तेव्हा मी काच पुसत होतो
एका ट्रकची, ज्याच्या बॉनेटपर्यंत पोचायला
मला स्टूल लागतं.

वय एक्क्याऐंशी. बुटांना खुराड्याचा वास.
"हिच्यासारखी एक दे," म्हणाली,
आणि बोट दाखवलं कुंपणापाशी,
तिच्या एकोणऐंशी सालच्या जपानी पिकअपकडे.
गंजून विटकरी झालेली, कडा इतकी खुजी
की खाद्याचं पोतं न उचलता नुसतं कलंडवायचं.

मी म्हटलं, बाई, अशी आता येत नाही.
"येत नाही, की येऊ देत नाहीत?"

आर्कान्सातल्या आमच्या गावात
असं कुणी विचारत नाही.
विचारतात, ओढतो किती?
नऊ हजार पौंड म्हटलं की, बाराचा दाखव.
गेल्या मंगळवारी दातांचा डॉक्टर आला होता,
बोट ओढेल ना?
बोट आहे का तुमची?
"घेईन कधीतरी."
या 'कधीतरी'वर आमचं दुकान चालतं.
तीन वर्षांनी बदलायला आणतात
तेव्हाही मागचा हौदा ताटासारखा लख्ख,
एक ओरखडा नाही.
मी हसत नाही. माझाही तसलाच आहे.
हप्ते चौऱ्याऐंशी, फिटले एकोणीस.

तर मी तिला जकातीचं सांगायला गेलो,
की बाहेरून ट्रक आला तर शेकडा पंचवीस,
मोटार आली तर चिमूटभर,
आणि याचं मूळ म्हणजे, हसू नका, कोंबडी...

"मला सांगतोस? त्या कोंबड्या मी भरल्यात."

अठराची होती. बर्फाच्या पाण्यात बोटं,
खोक्यात तंगड्या, खोक्यावर जर्मन अक्षरं.
वाचता येत नव्हती, पण आजही
माझ्या किमतीच्या पाटीमागे तिने ती गिरवून दाखवली.
आमची स्वस्त कोंबडी तिकडच्या ताटात पडली,
तिकडच्यांनी कर बसवला.
एका शुक्रवारी पट्टा थांबला,
एकवीस पोरी हात पुसत घरी.
मग इकडून उट्टं काढलं,
ब्रँडीवर, बटाट्याच्या पिठावर, ट्रकवर.
बाकीचं उठलं हळूहळू.
ट्रकवरचा कर मात्र
खुडूक कोंबडीसारखा बसून राहिला.
अंडं नाही, पिल्लू नाही,
उठवायला जावं तर चोच.

"आणि या बघ."
हौद्यात दोन खुर्च्या. प्लास्टिकच्या,
मागे तोंड केलेल्या, तळाला डाग देऊन जोडलेल्या.
खुर्ची आहे म्हणजे माणूस बसणार,
माणूस बसणार म्हणजे ही मोटार.
बंदरावरचा कारकून शिक्का मारून मोकळा.
कुणी बसावं म्हणून त्या ठेवल्याच नव्हत्या.

पण तिचा अर्लिस बसला.
सहा वर्षांचा, दोन्ही मुठी आवळून, शाळेपर्यंत.
कुठे चाललोय ते त्याला कधी दिसलं नाही,
कुठून निघालो ते सगळं दिसलं.
आता टेक्ससमध्ये असतो, जपानी कंपनीत.
इथेच जोडतात, म्हणून जकात नाही.
तो दारं बसवतो.
"एकेक दार," व्हर्ना म्हणाली,
"माझ्या स्वयंपाकघराच्या दारापेक्षा जड.
फोनवर सांगतो, आई, लोकांना हेच हवंय."
थोडं थांबून: "मीही लोकच ना रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माहितीपत्रक होतं.
तिने ते घेतलं, खुराड्यात अंथरायला.

जेवायची सुट्टी झाली होती.
नाक्यापर्यंत सोडते म्हणाली.
पुढच्या सीटवर टोपली, टोपलीत दोन तलंगा,
त्यांना उठवायची तिची तयारी नव्हती.
मग मी मागे चढलो,
चव्वेचाळीस वर्षांचा, टाय लावलेला माणूस,
कायद्यासाठी केलेल्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन.

गाडी निघाली.
ओळीने उभे माझे ट्रक, क्रोम चमकवत,
लहान होत गेले. आणखी लहान.
पेट्रोल पंपाच्या वळणावर
तिला हवे तेवढे झाले,
आणि मग दिसेनासे.