एक्स-रेवर दुमिंग

फोटो एकच मिळाला, तोही मालारच्या फेस्तातला,
कडेला दुसऱ्याच कुणाच्या नवरीची बाही.
ती आधी खोडली.
मग आभाळ, मग खारफुटी,
मग फेरीबोटीचा कठडा, ज्याला टेकून
दुमिंगनं पंचवीस वर्षं दोर फेकला आणि ओढला.

रंग एका क्लिकसरशी गेले.
आता स्लायडर.
नव्वदवर नुसत्या मिशा उरतात,
एकशे साठवर अर्धा चेहरा मांडवीत बुडतो.
कमी, जास्त, पुन्हा कमी,
बोट धक्क्याला लावताना तो ओरडायचा तसं:
थोडी मागं, थोडी मागं, पुरे.
एकशे बारावर मला तो दिसला.
करडं काही ठेवायचं नसतं यात,
एक तर शाई, नाही तर भिंत.
करड्यात त्याचा खोकला होता,
आणि रविवारचं ते गप्प बसणं.

एस्पेरांस स्क्रीनला नाक लावून म्हणाली,
"तीळ खंय?"
भावाचा तीळ एकशे बारात बसला नव्हता.
मी ब्रशनं ठिपका दिला.
"वयर," ती म्हणाली. "मातसो वयर."

मग बेटं.
काळ्याच्या आत एकटं पडलेलं पांढरं:
डोळ्यातली चमक, नाकपुडीजवळची चांदकोर.
कापलं की गळून पडणार.
प्रत्येकाला पूल द्यावा लागतो, दोन मिलिमीटरचा.
मला हसू आलं.
पुलासाठी नदी मोजायला माणसं आली होती, तेव्हा
त्यांची टेप यानंच पाण्यात सोडली होती,
चुकून म्हणे.
तरी दिले. सात.

पुठ्ठा भिजतो, म्हणून तिनं एक्स-रे काढून दिला,
बांबोळीचा, कोपऱ्यात त्याचं नाव चुकवलेलं.
फासळ्यांवर प्रिंट चिकटवली.
सहाव्या फासळीतून हनुवटी निघाली.
कटरची तीन पाती मोडली,
डाव्या डोळ्यातला पूल तुटला,
त्याला सेलोटेप.

पहिली फेरी यायच्या आत, धक्क्यावरच्या शेडची भिंत.
डबा हलवला, आतली गोळी खुळखुळली.
फवारा. वीस अंक मोजले. उचललं.
डोळ्याखाली थोडं ओघळलं. पुसलं नाही.

एस्पेरांसनं भिंतीकडं पाहिलं न पाहिलंसं केलं.
ओला एक्स-रे कडेला दोन बोटांत धरून
वाऱ्यावर सुकवत म्हणाली,
"हो म्हाका जाय गो.
दोतोर मागतलो."