डिचोली–म्हापसा, सव्वाआठची

बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून.
लॅबवाली म्हणाली होती, ऊब राहू दे,
आणि तासाच्या आत आण.
तास म्हणजे माझ्याच गाडीला
मुळगावला दोन मिनिटं, अस्नोड्याला पाच,
थिवीला देवाची मर्जी.

त्या दिवशी अस्नोड्याला मी ब्रेकच मारला नाही.
पाटी घेतलेली मासळीवाली मागे ओरडत राहिली.
इनास दारात लोंबकळत म्हणाला,
"विशांत, पिसो जालो रे तूं?"
मी आरशात पाहिलं नाही.
छातीशी एक झाकण, त्यावर माझं नाव, वय, तारीख,
सुलक्षाच्या अक्षरात.

पाच वर्षं तिनेच पोटावर तो थंड जेल लावून घेतला.
तिनेच देवळात प्रसाद लावला,
पाकळी उजवी पडली तरी तिनेच सोमवार धरले.
आणि मी? मी ड्रायव्हर,
भरलेली गाडी एका हाताने वळवणारा.
माझं कसलं तपासायचं?

कागद आला. मिलीलीटरला एक कोटी दहा लाख.
म्हटलं, डॉक्टरीणबाई, अख्खा गोवा मोजला
तरी एवढी माणसं भरायची नाहीत.
ती हसली नाही.
म्हणाली, दीड कोटीच्या वर हवीत,
आणि ह्यांतली बरीचशी जागची हलत नाहीत.

मग विचारत गेली.
इंजिन कुठे? डाव्या मांडीला लागून, झाकणाखाली,
दिवसाला नऊ तास.
मोबाईल? खिशात. कुठल्या?
मी बोट दाखवलं आणि माझं मलाच कसंसं झालं.
झोप? लगीनसराईत विचारू नका.
तंबाखू? हो. फेणी?
म्हटलं, औषधापुरती.
"रोज आजारी असता?"

शेवटी पेन ठेवून म्हणाली,
नवीन तयार व्हायला तीन महिने जवळजवळ लागतात.
आज जे सोडाल, त्याचा हिशेब पावसाळ्यात.
वचन देत नाही मी. पण करून बघा.

घरी येताना तेवढंच डोक्यात:
म्हणजे आत कोणीतरी रोज पहिल्यापासून सुरुवात करतंय,
आणि मी त्याच्या अंगावर धूर सोडतोय.

झाकणावर गोणपाट चौपदरी घातलं.
जीन्स गेली, सैल सुती पँट आली,
स्टँडवरचे म्हणाले, पुडवें नेसून गाडी चालवतोस?
नवव्या दिवशी पडलो,
म्हापशाला इनासच्या डबीतली चिमूट.
सुलक्षाला सांगितलं. ती तांबडी भाजी निवडत होती,
निवडतच राहिली. मग म्हणाली,
उद्या परत पहिला दिवस धर.

संध्याकाळी मयेच्या तळ्यापर्यंत चालायचो.
ती माझ्यापेक्षा भरभर चालते
हे लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं.

आईला आधी सांगितलं, पित्त झालंय.
मग एका रात्री बांगड्याचा काटा काढता काढता
खरं सांगितलं.
तिने ताटातलं संपवलं, हात धुतला.
त्यानंतर तिने सुलक्षाला
सोमवारांचं कधी विचारलं नाही.

आज चौऱ्याण्णवावा दिवस.
नवव्या दिवसापासून मोजलं तर पंच्याऐंशी.
ह्या खेपेला बाटली सुलक्षाकडे,
ब्लाउजच्या आत, पदराखाली.
ती माझ्या मागच्या बाकावर.
आज बोर्ड्याहून घाई करून निघालोय,
हातात वेळ आहे.

अस्नोड्याला थांबलो.
मासळीवाली चढली, पाटी दोनदा सरकवली,
मागच्या खेपेची शिवी व्याजासकट दिली.
ऐकून घेतली.

इनास टिकिटं फाडत आला.
ड्रायव्हरची बायको, त्याने पुढे जायचं केलं.
सुलक्षाने पैसे काढले.
"वयनी, तुमचें कसलें टिकिट?"
"ना," ती म्हणाली, "आज फुकट नको."

आरशात पाहिलं.
टिकिट बोटांत घट्ट धरून
ती खिडकीबाहेर बघत होती.
मी गिअर बदलला.
अस्नोड्याचा पूल,
आठ वाजून पस्तीस.