सतरावी ओळ

सामार बेटावर, बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याखाली
आम्ही वादळाची यादी करायला बसलो.
होड्या एकतीस. डुकरं, मालकांच्या नावांसकट.
मुलं : अठ्ठ्याऐंशी.
मी खाली रेघ मारली.

तेव्हा जोविलिन उठली. वय नऊ, गुडघ्यावर खपली.
"भोंगा वाजेल म्हणता.
माझ्या भावाला तो कसा कळणार?"

रेनान जन्मापासून बहिरा.
अख्ख्या गावाला ठाऊक,
यादीत कुठेच नाही.

कुणी म्हणालं, तू उठव की त्याला.
"आणि मी शाळेत असले तर?"

पत्र्यावर कबुतराची नखं वाजली, तेवढंच.

मी नवं पान घेतलं.
एकेक नाव. कुणाला पोहता येत नाही,
कुणाला दम्याचा पंप लागतो,
कोण आजोबांशिवाय जागचं हलत नाही.
अंधार पडला. डासांनी पाय फोडून काढले.

सतरावी ओळ : रेनान.
उठवणार शेजारची नेनिता,
ती नसली तर होडीवाला एलमो.
खांद्याला हात लावायचा.
तोंडावर बॅटरी मारायची नाही, तो घाबरतो.

ही शेवटची सूचना त्याचीच,
हातांनी दिलेली.
जोविलिन बोलत गेली, मी लिहीत गेले.